चौदा जुलैची साक्ष

बुधवार, ९ फेब्रुवारी १९८३

आज आमच्या वकिलाच्या ऑफिसात तमाशा झाला, आणि तो केला विनी मावशीनं. ही माझी सख्खी मावशी नव्हे, आई आणि ती एकाच गिरणीत शेजारशेजारच्या मागांवर होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, हॅट वाकडी झालेली, हातात पत्र नाचवत आत शिरली. बाहेर तीन अशिलं बसलेली.

पत्र मँचेस्टरच्या एका सावकारी कंपनीचं. टेंटर रो गल्लीतल्या तुमच्या घरावर कर्ज काढलंय, हप्ते थकलेत, सप्टेंबरअखेर घर खाली करा. मावशी म्हणे, मी कर्ज काढलेलंच नाही. कुठल्या कागदावर सही केलेली नाही. माझ्या नवऱ्यानं, हॅरल्डनं, पै-पै जोडून ते घर गिरणीमालकाकडून विकत घेतलं, कागदपत्रं जपून ठेवायला तुमच्या तिजोरीत दिली, आणि आता हे काय?

अ‍ॅस्पिनॉल साहेब स्वतः बाहेर आले. तिला हाताला धरून आत नेलं, मलाही बोलावलं. गहाणखत समोर ठेवलं. तारीख १४ जुलै १९८२. खाली तिची सही, आणि तिच्याखाली साक्षीदार म्हणून माझी. आडनावाच्या शेवटी मी जी लांब रेघ ओढते, ती रेघसुद्धा होती.

"मावशी, म्हणजे मी खोटी का?" मी विचारलं.

"तू मला सही करताना बघितलंस का, डोरीन?"

"माझी सही आहे म्हणजे बघितलंच असणार."

तिनं हॅट सरळ केली. मग उठली आणि गेली. साहेब म्हणाले, "वय झालंय, मिस सग्डन. पैसे रोख नेले होते, कॅनडाच्या पुतण्याला पाठवायचे म्हणत होत्या. विसरल्या असतील." किती समजूतदारपणे घेतलं त्यांनी. माझं डोकं मात्र अजून भणभणतंय. अठ्ठावीस वर्षं इथे काम करतेय, माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

शुक्रवारचं नेहमीचं. चारच्या चहानंतर साहेबांनी आठवड्याचे कागद माझ्या टेबलावर आणून ठेवले, जिथे माझी सही हवी तिथे पेन्सिलीची बारीक फुली. मी सह्या करत गेले. मग साहेब स्वतः रबरानं फुल्या खोडतात. टापटीप माणूस. आज सात कागद होते. त्यातल्या दोन अशिलांना मी कधी पाहिलेलंही नाही, पण प्रत्येक अशिलासमोर जाऊन बसले तर टायपिंग कोण करणार? गावातल्या सगळ्या वकिलांकडे असंच चालतं.

बँकेच्या माणसाचा आज तिसऱ्यांदा फोन आला. साहेबांनी खुणेनंच सांगितलं, नाहीत म्हणून सांगा. बिचाऱ्यांवर कामाचा ताण फार आहे.

बुधवार, २ मार्च

मावशीनं कमाल केली. लंडनला, सॉलिसिटरांच्या संस्थेकडे तक्रार केली. साहेबांनी फसवलं म्हणून. संस्थेचं पत्र आलंय, जाड कागद, वर उठावाची मोहोर. त्यांचा एक भरपाई निधी असतो. वकिलानं लबाडी केल्याचं सिद्ध झालं तर त्यातून अशिलाला पैसे मिळतात. नुसती चूक असेल तर मिळत नाहीत. म्हणजे घर वाचवायचं तर मावशीला साहेबांना चोर ठरवणं भाग आहे. आणि साहेबांबरोबर मलाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झालाय. लहानपणी हिच्या मांडीवर बसून मी बिस्किटं खाल्ली.

मंगळवार, २२ मार्च

संस्थेचा माणूस आला. मि. विदरिंग्टन. बारीक, गोरापान, छत्री घडी करून हुकाला टांगणारा. दिवसभर खातेवह्या चाळल्या आणि दुपारी मला बोलावलं.

"ही सही तुमचीच?"

"माझीच."

"मिसेस होलरॉइड यांनी तुमच्यादेखत सही केली?"

मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? साक्षीदाराच्या सहीचा अर्थच तो. तो दिवस आठवतो का असं त्यानं विचारलंच नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, की नाही आठवत. आठवड्याला सात-आठ कागद असतात, कुठला कुठला दिवस लक्षात ठेवायचा?

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला, आणि जबाबाखाली माझी सही घेतली. ती करताना मात्र तो समोर बसून माझ्या हाताकडे बघत होता.

रविवार, ३ एप्रिल. ईस्टर

चॅपलमध्ये मावशी नेहमीच्या बाकावर एकटीच. आजूबाजूला कुणी बसलं नाही. डॉक्टरांनी म्हणे तिची परीक्षा घेतली. आज वार कोणता, पंतप्रधान कोण, शंभरातून सात सात वजा करत या. तिनं सगळं बरोबर सांगितलं, तरी बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मी कुणाकडे काही बोलले नाही. फक्त कसाबाकडे रांगेत कुणी विचारलं तेव्हा म्हटलं, हल्ली ती विसरते. बेकरीतही एकदा विचारलं होतं कुणीतरी.

बाहेर पडताना तिनं मला गाठलं. "पोरी, खरं सांग. मला वेड लागतंय का गं?"

मी म्हटलं, "वयानं होतं असं, मावशी. त्यात लाज कसली." आता मला वाटतंय, थोडं हळू बोलायला हवं होतं.

यंदा वेक्सच्या आठवड्यात ती मोरकमला येणार की नाही कोण जाणे. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गिरण्या बंद, दुकानं बंद, अख्खं गाव समुद्रावर. आम्ही दोघी कायम मिसेस क्लेगच्याच बोर्डिंगात, समोरासमोरच्या खोल्यांत. आता एका टेबलावर बसून कसं जेवायचं, हा प्रश्नच आहे.

गुरुवार, १९ मे

संस्थेनं मावशीचा अर्ज फेटाळला. तिला आलेल्या पत्राची प्रत साहेबांना आली, ती मीच फाइलला लावली. 'दीर्घ सेवेतील विश्वासार्ह साक्षीदाराच्या जबाबावरून लबाडी झाल्याचे दिसत नाही.' विश्वासार्ह साक्षीदार म्हणजे मी. वाचून बरं वाटलं. मग खालची ओळ वाचली: 'आपण एखाद्या सॉलिसिटरचा सल्ला घ्यावा असे सुचवितो.' हे म्हणजे फारच झालं. गावात आणखी चार सॉलिसिटर, चौघंही साहेबांबरोबर गोल्फ खेळतात. मावशी साहेबांवर खटला भरायला यांच्यापैकी कुणाच्या दारात जाणार आहे?

तिच्या बाजूनं बोलत नाहीये मी. पण पत्र लिहायची एक रीत असते.

मंगळवार, २८ जून

लगेच लिहून ठेवते.

मिसेस क्लेगला यंदाचं कळवायचं होतं. गेल्या वर्षी खिडकीची खोली कितीला दिली ते बघायला जुनी डायरी काढली. १४ जुलै १९८२, बुधवार. माझ्याच अक्षरात: 'वारा भयंकर. विनी मावशीची हॅट उडाली, धक्क्यावरच्या पोलिसानं पकडून दिली. दुपारी दोघींनी कोळंबी खाल्ली. मावशीला बाधली.'

चार वेळा वाचलं.

त्या आठवड्यात ऑफिसला कुलूप होतं. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती, मोरकमला. मावशी मोरकमला, मी मोरकमला, आणि त्या दिवशी इथे ऑफिसात तिनं माझ्यादेखत सही केली असं मी लिहून दिलंय. एकदा नव्हे, दोनदा.

लंडनच्या माणसाला हे कळणं शक्य नव्हतं. अख्खं गाव बंद असतं हे त्याच्या स्वप्नातही येणार नाही. साहेब मूळचे चेशरचे. चाळीस वर्षं इथे राहूनही गावाची सुट्टी त्यांच्या कधी अंगवळणी पडली नाही, ते आपले ऑगस्टात पोर्तुगालला जातात. कागदावर मागाहून तारीख टाकताना त्यांना नुसता बुधवार दिसला असेल.

आणि मला काय दिसलं? पेन्सिलीची फुली दिसली. फेब्रुवारीत तारीख डोळ्यांसमोर होती, तरी मी आपल्या सहीचीच रेघ बघत बसले.

बुधवार, २९ जून

आधी साहेबांनाच सांगायचं ठरवलं. काहीतरी कारण असेल असं अजूनही वाटत होतं. डायरी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुसला.

"डोरीन," ते म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा नावानं हाक मारली. "तारीख टाइप करताना चूक झाली असेल. टाइप तुम्हीच केलं होतं ना?"

"तारखेची जागा मी कोरी सोडते, साहेब. ती तुम्ही हातानं भरता."

"असं बघा. कागदावर माझी सही नाहीच. सही तुमची आहे. उद्या कुणी म्हणालं की साक्षीदारानं खोटी साक्ष दिली, तर मी तुम्हाला कसा वाचवणार? आपण दोघांनीही याच्या फार खोलात जाऊ नये. डायरी जाळून टाका. डायऱ्या ठेवणं ही तशीही वाईट सवय."

आवाज इतका मऊ की क्षणभर मला खरंच वाटलं ते माझीच काळजी करतायत. मग डोक्यात तिडीक गेली. मावशीची खोटी सही करून पैसे यांनी खायचे आणि वाचवायचं मला? मी डायरी उचलली, कोट घातला आणि तीन वाजताच घरी आले. असं आजवर कधी केलं नव्हतं.

बुधवार, १३ जुलै. मोरकम

मिसेस क्लेगकडे समोरची खोली रिकामी. मावशी आली नाही. घर जाणार म्हणून भांडीकुंडी बांधतेय म्हणे.

संस्थेला पत्र टाकून बारा दिवस झाले. खोटं कशाला लिहू, लिहिण्याआधी दोन दिवस घालवले. मावशीचा विचार करत नव्हते, माझ्या पेन्शनचा करत होते. छप्पन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण ठेवून घेणार? आणि मावशीला अजून काहीच सांगितलेलं नाही. संस्थेचं उत्तर येऊ दे, मग सांगेन.

गुरुवार, ४ ऑगस्ट

उत्तर आलं. तीन ओळी. 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. सदर प्रकरण बंद झाले असून पुनर्विचाराची मुदत उलटली आहे.'

माणूस स्वतः लिहून कळवतोय की मी खोटा जबाब दिला, आणि यांची मुदत उलटली आहे. सप्टेंबरअखेरीस मावशीचं सामान रस्त्यावर येईल, तेव्हा त्याचीही नोंद घेतील बहुतेक.

मंगळवार, १६ ऑगस्ट

लंडनला जाऊन आले. पाय सुजलेत.

संस्थेची इमारत म्हणजे राजवाडा. जिन्यावर दाढीवाल्यांची तैलचित्रं. भरपाईवाले दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या बाईनं सांगितलं, लबाडी झाल्याचं वर्तणूक विभागानं ठरवल्याशिवाय आम्हाला पैसे देता येत नाहीत. वर्तणूक विभाग चौथ्या मजल्यावर. तिथला गृहस्थ म्हणाला, अशिलाचं नुकसान झाल्याचं भरपाई विभागानं मान्य केलेलं नाही, मग आम्ही चौकशी कशाची करायची? मी पुन्हा खाली गेले. पुन्हा वर आले. तिसऱ्या खेपेला लिफ्टवाला म्हणाला, "मॅडम, मधल्या मजल्यावर कँटीन आहे. बरेच जण शेवटी तिथेच बसतात."

मी कँटीनला गेले नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाकावर बसले, डब्यातलं सँडविच काढलं आणि तिथेच खाल्लं. गालिच्यावर चुरा सांडला तो मुद्दामच उचलला नाही. चार वाजता मि. विदरिंग्टन आले. मी डायरी उघडून पुढे केली.

"वेक्स म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

सांगितलं. गिरण्या, दुकानं, ऑफिसं, सगळं बंद. पावसुद्धा विकत मिळत नाही.

"आणि हे तुम्ही मार्चमध्ये का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी विचार केला नाही."

त्यांनी डायरी मिटली. मग म्हणाले, "मिस सग्डन, तुमचं भलं म्हणून सांगतो. हे लिहून दिलंत तर पुढचा प्रश्न येईल. अशा न बघता केलेल्या सह्या किती?"

"आठवड्याला सात-आठ. अठ्ठावीस वर्षं. तुम्हीच मोजा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा उचललं आणि लिहायला लागले. एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

सोमवार, ३ ऑक्टोबर

घर वाचलं. मावशीला संस्थेचं पत्र आलं, निधीतून कंपनीचं कर्ज परस्पर फेडलं. मी चॅपलच्या बाईकडून ऐकलं. पत्रात म्हणे ठळक अक्षरांत लिहिलंय, 'ही मदत संस्थेच्या मर्जीने देण्यात येत असून तिच्यावर आपला कोणताही हक्क नाही.' स्वतःच्याच घरात राहायला मिळालं म्हणून आता उपकार मानायचे. झालेल्या त्रासाबद्दल एक शब्द नाही.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

हे वाचून कुणाचंही रक्त उसळेल.

गावच्या पेपरात पान पाचवर: चाळीस वर्षांच्या सेवेनंतर श्री. जेरल्ड अ‍ॅस्पिनॉल प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त. चार वकिलांनी जेवण दिलं, पितळी बॅरोमीटर भेट दिला. त्यांनी म्हणे आपलं नाव स्वतःहून सॉलिसिटरांच्या यादीतून काढून घेतलं, आणि संस्थेनं ते मान्य केलं. धंद्याची अब्रू जपायची म्हणून जाहीर वाच्यता नाही. पोलीस नाहीत.

त्याच दिवशी मला रजिस्टरनं पाकीट. हुकूम. इंग्लंड आणि वेल्समधल्या कुठल्याही सॉलिसिटरनं संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय मिस डोरीन सग्डन हिला नोकरीवर ठेवू नये. कारण: 'बेसावध व असत्य साक्षांकन.' माझं नाव, पत्ता, वय, सगळं वकिलांच्या साप्ताहिकात छापून येणार.

चूक केली ती केलीच. मी कुठे नाही म्हणतेय? पण ज्यानं फुली मारली त्याला बॅरोमीटर आणि जिनं फुलीवर सही केली तिचं नाव छापायचं? ही यांची वर्तणूक. अब्रू जपायची ती एकमेकांची. टाइपिस्टला कसली अब्रू!

बुधवार, ९ नोव्हेंबर

हुकूम घेऊन मावशीकडे गेले. तिला कळायला हवं की तिच्या घरापायी माझं काय झालं. ती तरी दोन शब्द बोलेल असं वाटलं.

तिनं दार उघडलं, आत घेतलं. बसायला सांगितलं नाही. किटली ठेवली नाही. मी हुकूम वाचून दाखवला, सगळा, शेवटच्या मोहोरेपर्यंत.

"वाईट झालं," ती म्हणाली.

"तुझं घर तरी राहिलं, मावशी."

"हो, राहिलं. संस्थेनं पैसे दिले." मग टेबलावरच्या तेलकापडावरून हात फिरवत राहिली. "आठ महिने, डोरीन. रोज सकाळी उठले की आधी वार म्हणून बघायचे. मग पंतप्रधानाचं नाव. मग शंभरातून सात सात वजा. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. दुधवाला आला तरी मनात मोजणी चालूच. हॅरल्डचा चेहरा तरी खरा आठवतोय ना, म्हणून फोटो काढून बघायचे. जूनमध्ये तुझ्या हाती डायरी आली. आणि मला ते कुणाकडून कळलं? ऑक्टोबरात, टपालानं. तोपर्यंत मी स्वतःला वेडीच समजत होते. याची भरपाई कुठल्या निधीतून देतात गं?"

मी म्हटलं, मी लंडनला गेले, पाय सुजले, नोकरी गेली.

"ते सगळं तू त्यांना सांगायला गेलीस," ती म्हणाली. "मी दोन गल्ल्या सोडून राहते."

घरी आले ती संतापानं. एवढं करून हिला आणखी काय हवं? संध्याकाळभर हेच घोकत बसले. मग ही डायरी फेब्रुवारीपासून वाचून काढली. संस्थेवर चिडून लिहिलंय, साहेबांवर, पेपरावर, लंडनच्या गालिच्यावर. मावशीची माफी मागितल्याचं कुठेही नाही. कसाबाची रांग आहे, बेकरी आहे.

गुरुवार, १० नोव्हेंबर

सकाळी दहाला गेले. बायका पायऱ्या घासत होत्या, टेंटर रोवर गुरुवारी सगळ्याच घासतात. मावशी दारातच होती.

मी म्हटलं, "मावशी, तुझं डोकं ठिकाणावर होतं. तू सही केली नव्हतीस. मी न बघता केली, आणि वर गावभर सांगितलं की तू विसरतेस. मला माफ कर."

तिनं बादली खाली ठेवली.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "त्या टोकाच्या घरापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मी वळले, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले, आणि पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं.